आत्या परदेशी मरून आली

आमच्या गावातून परदेशी जाऊन मरून आलेली पहिली बाई म्हणजे माझी वत्सलाआत्या. तिच्याआधी लोक फार तर काश्मीर बघून यायचे.

आत्या हायस्कूलची निवृत्त मुख्याध्यापिका. हाडांच्या कॅन्सरनं तिला अंथरुणाला खिळवलं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिनं स्वतःच सहल कंपनीला फोन लावला. हॉटेलचा मुक्काम, नाश्ता, तळ्यात बोटीची फेरी आणि शेवटी डॉक्टरांच्या मदतीनं मृत्यू. कंपनीकडं नुसतं जाण्याचं तिकीट नव्हतं. ग्रुप टूरला जाणं-येणं एकत्रच असतं.

आत्याच्या यजमानांना, म्हणजे काकांना, हे मुळीच पटलं नाही. "तुझं करायला मी आहे ना इथं?"

"आहात हो. पण दुखतं ते मला," आत्या म्हणाली.

काकांनी बोलणं टाकलं. बॅग मात्र त्यांनीच भरली.

तिथल्या डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी तिनं स्वच्छ आवाजात होकार दिला. मृत्यू ठरल्याप्रमाणे झाला. दुसऱ्या दिवशी सकाळचं परतीचं विमान असल्यामुळं ती लगेच आवरून निघाली.

मुंबईला विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, "कशासाठी गेला होतात?"

"मरायला."

"झालं काम?"

"व्यवस्थित."

त्यानं शिक्का मारला.

गावात एसटी स्टँडवर नगरपरिषदेनं फ्लेक्स लावला होता : 'परदेशात यशस्वीरीत्या निधन झाल्याबद्दल सौ. वत्सला रेडीज यांचे हार्दिक अभिनंदन!' ताशे वाजत होते. आत्या कुणाचाही आधार न घेता बसमधून उतरली. काका गर्दीच्या मागं उभे होते.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"आता कसलं दुखतंय!"

तेव्हा काकांनी तिचा हात धरला, अगदी घट्ट. आजारपणात ते तिला नुसतं बोट लावायलाही घाबरायचे. मग भेटेल त्याला ताठ मानेनं सांगत सुटले, "आमची ही परदेशात वारली."

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड ठेवला आणि आत्या मागं सरकायच्या आतच कावळा शिवला. एवढ्या लवकर शिवलेला भटजींनीही पाहिला नव्हता.

"बघितलंत?" आत्या म्हणाली. "माझी कसलीही इच्छा राहिलेली नाही."

"माझी राहिलीय," काका म्हणाले. "आता कुठं जाऊ नकोस."

"नाही जात," आत्या म्हणाली. तिनं पदर खोचला, भांड्यांची जड पिशवी उचलली आणि घाटाच्या पायऱ्या भराभर चढून वर गेली.