कडू चेरीविरुद्ध अर्ज

क्युस्तेंदिल शहराच्या जूनमधल्या जत्रेत मेतोदी गलाबोव यांच्या अंगणातल्या चेरीने सलग तीन वर्षं पहिलं बक्षीस घेतलं होतं. फळ घट्ट, रसाळ आणि मेतोदी वर्णन करू लागले की जर्दाळूएवढं. एवढा मोठेपणा घरात आला की शेजार खुपू लागतोच. भिंतीपलीकडे वेलिचका काकूंचं जुनं वाकडं झाड होतं. त्याला वाटाण्याएवढ्या कडू चेऱ्या लागत आणि त्या नेमक्या मेतोदींच्या पांढऱ्या गाडीवर पडत.

"काकू, हे झाड कशाला ठेवलंय तुम्ही?"

"रकिया छान होते हो त्याची. बाटली देऊ?"

मेतोदींनी त्या घरगुती दारूची बाटली घेतली आणि नगरपालिकेत अर्ज दिला: 'सदर वृक्ष निरुपयोगी असून नागरिकांच्या मालमत्तेस व मनःशांतीस उपद्रवकारक आहे.' या वाक्यावर ते स्वतःच खूश होते. ऑक्टोबरात करवत आली.

एप्रिलमध्ये त्यांची चेरी फुलांनी लवली. मे उजाडला तेव्हा झाडावर पानं सोडून काही नव्हतं. मेतोदींनी खत घातलं, पाणी घातलं, बायकोशी कधी बोलले नव्हते इतकं झाडाशी गोड बोलले. शेवटी जत्रेच्या परीक्षकांना बोलावलं.

"गलाबोव, ही जात स्वतःच्या परागावर फळत नाही. जवळपास दुसऱ्या जातीची चेरी लागते. गल्लीतली बाकीची झाडं पार्किंगखाली गेली. मग इतकी वर्षं तुमचं काम कोण करत होतं?"

मेतोदींनी भिंतीकडे बघायचं टाळलं.

ऑगस्टमध्ये ते लोकूम मिठाईचा डबा घेऊन पलीकडे गेले. कापलेल्या बुंध्याला फुटवे आले होते.

"काकू, एक काडी मिळेल का?"

"निरुपयोगी झाडाची?" असं म्हणत काकूंनी काडी कापून दिली. लोकूमही ठेवून घेतलं.

मेतोदींनी त्या काडीचा डोळा आपल्याच झाडावर भरून कलम केलं आणि ते तान्ह्या बाळासारखं जपलं. तिसऱ्या वर्षी ती फांदी फुलली, झाड फळांनी वाकलं आणि पहिलं बक्षीस घरी परतलं. मेतोदी आनंदाने रडले. फांदी मात्र भिंतीपलीकडे झुकली होती. तिच्या कडू चेऱ्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर पडत होत्या.

आठवड्याने नगरपालिकेचा माणूस कागद घेऊन दारात आला. मेतोदींनी पहिलं वाक्य वाचलं. मालमत्ता, मनःशांती, सगळं जागच्या जागी होतं.

"साहेब, ही फांदी गेली तर माझी चेरी संपली हो," मेतोदी म्हणाले.

"वरच्या साहेबांनी काकूंचा अर्ज लगेच मंजूर केलाय," तो म्हणाला. "म्हणाले, इतका मुद्देसूद अर्ज या गल्लीतून मागे एकदाच आला होता."