मुशीचे डोळे

"दाजी, एक शार्क बनवून द्याल काय?"

निलेशने हे विचारलं तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा गुणाजी पेणमधल्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात गार झालेला चहा पीत बसला होता. समोर फळ्यांवर एकशे चाळीस गणपती रंगून, दागिने चढवून तयार होते. फक्त एकालाही डोळे नव्हते.

पेणमध्ये गणपती कोणीही रंगवतो, पण डोळ्यांची आखणी हे येरागबाळ्याचं काम नव्हे. गुणाजीचा तो हात होता. पण गेल्या भाद्रपदात जिते गावची सगुणाबाई मूर्ती न्यायला आली, बराच वेळ समोर उभी राहिली आणि म्हणाली, "छान हाय ओ, पन माज्याकडं बघत नाय." भांडली नाही, काही नाही. शेजारच्या कारखान्यातून दुसरी घेऊन गेली. झालं! त्या दिवसापासून गुणाजीने आखणीचा ब्रश हातात धरला की हात लटपटायचा. लोकांना तो चष्म्याचा नंबर बदलला म्हणून सांगे. आठ महिन्यांत त्याने तीन चष्मे केले, हात काही सुधरला नाही. यंदा डोळे आखले नाहीत तर कारखान्याला कुलूप लावायचं, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि बायकोला, सरूला, ते न सांगताच कळलं होतं.

निलेश सरूचा धाकटा भाऊ. रोह्याला पूल ओलांडून अष्टमी गावात त्याचं घर. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा आणि कॅसेटी भाड्याने द्यायचा. हात बंद पडल्यावर गुणाजी 'सहज' म्हणून सासरी जाऊन बसू लागला. नवऱ्याने सासरी सहज जाऊन बसावं, ही सरूच्या मते धोक्याची घंटा होती. निलेशने मात्र औषध शोधलं. त्याच्याकडे शार्कच्या इंग्रजी पिक्चरच्या कॅसेटी होत्या, त्याही कुठल्या, तर ज्यांच्या निर्मात्यांनी पैसे वाचवायची शपथ घेतली होती अशा! एका पिक्चरमध्ये शार्क वाघासारखा डरकाळी फोडायचा. एकात त्याच्या पोटाला बांधलेली दोरी दिसायची. एकात तर माणूस गिळताना त्याचं नाकच दुमडलं. ते नाक दुमडलं आणि गुणाजी हसला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पाच महिन्यांनी हसला! ही बातमी पेणला पोचली तेव्हा सरूने त्या रबरी माशाला मनातल्या मनात नारळ बोलून ठेवला.

आता त्याच निलेशला स्वतःचं पिक्चर काढायचं होतं. नाव, 'खाडीतला यमदूत'.

"त्यांचं नाक दुमडतं तर आपलं काय बिघडतं? पन माझं पिक्चर बघून मानूस थरथरला पायजे, दाजी."

"थरथरायला मी पुरेसा हाय की," गुणाजी म्हणाला. पण तो तयार झाला. त्या माशांचे उपकार होते त्याच्यावर.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, वर प्लास्टरचा हात आणि करडा रंग. बारा फुटी शार्क आठ दिवसांत उभा राहिला. डोळ्यांची वेळ आली तेव्हा गुणाजीने दोन करवंट्या काळ्या रंगवल्या आणि डिंकाने चिकटवून टाकल्या. सरूने ते पाहिलं आणि न वापरलेला आखणीचा ब्रश गुंडाळीत परत ठेवला. नाही म्हणायला एक गोष्ट सगळ्यांच्याच ध्यानातून सुटली. ज्या माणसाने तीस वर्षं फक्त पाण्यात विरघळण्यासाठी वस्तू घडवल्या, त्याच्याकडून निलेश पाण्यात टिकणारा मासा मागत होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मासा टेम्पोत चढला. कारखान्यातला जुना कारागीर काळुराम याने सवयीने माशाच्या तोंडावर पांढरा रुमाल बांधला. मूर्ती घरी पोचेपर्यंत तोंड झाकायचं, हा रिवाज. परिणाम असा झाला, की नागोठण्याला टेम्पो थांबला तेव्हा दोन बायका पुढे आल्या, हात जोडले आणि एकीने विचारलं, "ह्या वर्सी लवकर नेतात का ओ?"

"नवसाचा हाय," काळुराम म्हणाला.

अष्टमीच्या खालच्या अंगाला, भरतीचं पाणी चढतं तिथे, निम्मं गाव जमलं होतं. हिरो शिवा हातात बांबूचा भाला घेऊन तयार होता. शिवा कंपनीत कामाला. त्याला अडीचच्या आत सेकंड शिफ्टचं कार्ड पंच करायचं होतं. पहिल्या बळीचं काम निलेशच्या आईकडे, कृष्णाबाईकडे होतं. तिने काठावर कपडे धुवायचे आणि मासा दिसला की किंचाळायचं.

"आई, जोरात किंचाळ हां."

"मुशी बघून?" कृष्णाबाई म्हणाली. शार्क म्हणजे तिच्या लेखी बाजारातली मुशी. "आरं, जल्म गेला मुश्या कापन्यात. मुशीला कोन घाबरतं? तिचं कालवन करतात."

"ही मानसं खाते, आई!"

"तिनं आधी माजं कालवन खाल्लेलं नाय, म्हनून."

निलेशने कॅमेरा सुरू केला आणि ओरडला, "काळूकाका, न्या मासा पाण्यात!"

काळुराम आणि कारखान्यातली तीन माणसं. चौघांनी काठावर चपला काढल्या. मासा खांद्यावर घेतला. कमरेभर पाण्यात गेले. आणि तिथे तीस वर्षांची सवय जागी झाली. काळुरामने घसा साफ केला आणि आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" अख्खा काठ एका सुरात ओरडला.

एकदा बुडवला, वर काढला. दुसऱ्यांदा बुडवला, वर काढला. तिसऱ्यांदा बुडवला आणि भक्तिभावाने सोडून दिला. 'खाडीतला यमदूत' चार बुडबुडे सोडून तळाला गेला. काळुराम डोळे पुसत काठावर आला. येताना रिवाजाप्रमाणे मूठभर वाळूही घेऊन आला.

"काळूकाका! काय केलंत हे?" निलेश किंचाळला. दिवसभरात नीट किंचाळलेला तो एकटाच.

"काय केलं?"

"मासा बुडवलात माझा!"

"मंग? पान्यात न्या म्हनालास. पान्यात नेऊन आनखी काय करतात?"

पोरांनी बुड्या मारून, दोर लावून मासा ओढून काढला तेव्हा दीड वाजला होता. शेपूट भरतीबरोबर कुठे गेलं ते खाडीलाच ठाऊक. पंखापर्यंतचा पुढचा भाग तेवढा शाबूत होता. करवंट्या वाहून गेल्या होत्या. दोन्ही डोळ्यांच्या जागी ओल्या लगद्याचे नुसते पांढरे चट्टे.

निलेशने कपाळाला हात लावला आणि मग दाजींकडे बघितलं. "नुसतं मुंडकं तर मुंडकं. मी तेवढंच दाखवतो. पन डोळे पायजेत. दाजी, काढा."

"काळुराम काढंल," गुणाजी घाईने म्हणाला.

"मला आखनी कुटं येते, शेठ?" काळुराम म्हणाला.

सरूने पिशवीतून रंगाच्या डब्या आणि ब्रशची गुंडाळी काढली आणि पुढे धरली. तिने ती सोबत का आणली होती, हे गुणाजीने विचारलं नाही. ब्रश घेतला, रंगात बुडवला आणि हात लटपटू लागला. निम्मी अष्टमी बघत होती.

"दाजी, पाया पडतो," शिवा म्हणाला, "अडीचला पंच नाय झालं तर माजा खाडा लागंल."

ब्रशाचं टोक माशापासून चार बोटांवर नाचत होतं. सरूने मान फिरवली. तिला ते बघवेना.

"काढा ओ जावई!" कृष्णाबाई धुणं आपटत म्हणाली. "मुशीच तर हाय. डोळा वाकडा झाला तर काय तिचं लगीन मोडनार हाय?"

आधी काळुराम फिसकन हसला. मग शिवा, मग अख्खा काठ. आणि गुणाजी! त्याच्या डोळ्यांसमोर ते दुमडलेलं नाक आलं, मघाचे चार बुडबुडे आले, आणि तो असा हसत सुटला की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. तसाच हसत हसत त्याने रेघ ओढली. पापणीची, मग खालची, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. एक डोळा झाला, दुसरा झाला. वेळ लागला तो पाच मिनिटं. "घे, वाकडे असले तर असू देत," म्हणून त्याने ब्रश धुवायला घेतला.

पुढचं शूटिंग धावपळीत झालं. माशाला मागून काळुरामने ढकललं, शिवाने भाला मारला आणि त्याच ओल्या कपड्यांत कंपनी गाठली. कृष्णाबाई शेवटपर्यंत किंचाळली नाही. माशाकडे बघून तिने धुणं आपटायचं तेवढं थांबवलं. निलेशच्या कॅमेऱ्याला बघायचं भोक वाटाण्याएवढं, त्यातही चित्र काळंपांढरं. मासा दिसतोय, एवढंच त्याला दिसलं.

जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला अष्टमीच्या समाजमंदिरात 'खाडीतला यमदूत' लागला. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. टेबलावर रंगीत टीव्ही, दोनशे माणसं आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला गुणाजी.

सुरुवात निलेशच्या मनासारखी झाली. काळं पाणी, लग्नाच्या कॅसेटवरची सनई उलटी वाजवून केलेलं भेसूर संगीत. आणि तेवढ्यात पडद्यामागून 'मोरया!' तो आवाज काही केल्या निघाला नव्हता. समाजमंदिरातूनही प्रतिसाद आला, "मोरया!" मग हशा. शेपूट नसलेला मासा वळला, मागून काळुरामची टोपी दिसली, पुन्हा हशा. निलेश दात खात होता.

मग माशाचं तोंड जवळून आलं. टीव्हीभर फक्त डोळे.

हशा थांबला. ते डोळे शांत होते, लांब पापण्यांचे, किंचित खाली झुकलेले. बघणाऱ्याची सगळी अडचण त्यांना ठाऊक होती आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पदर सावरला. मागून कोणीतरी "अगो बाय, कसा बघतोय गो!" असं म्हणालं. आणि शिवा भाला घेऊन होडीतून पुढे आला तेव्हा कहरच झाला.

"शिव्या, मेल्या, सोड त्याला!"

"काय केलंन रं त्यानं तुजं?"

"आरं, हात तुटो तुजा!"

खरा शिवा तिथेच सतरंजीवर बसला होता. त्याच्या शेजारच्या बाईने त्याला कोपरखळी मारली ती मुळीच लुटुपुटीची नव्हती. भाला लागला, मासा पाण्याखाली गेला आणि समाजमंदिरात बायका चक्क डोळ्यांना पदर लावून रडल्या. दिवे लागल्यावर एकच मागणी झाली, की पुन्हा लावा, पण शिवा यायच्या आधी बंद करा.

"दाजी, वाट लावलीत माझ्या पिक्चरची!" निलेश गर्दीतून ओरडत आला. पण दाजी जागेवर नव्हते.

ते पावणेबाराच्या एस्टीने पेणला निघाले होते. सरू पाठोपाठ पोचली तेव्हा कारखान्याचं दार उघडं होतं. गुणाजी फळीसमोर पाटावर बसला होता, चष्मा बाजूला, ब्रश दातांत. आठ गणपतींना डोळे होते. नववा चालू होता.

सरू आठांसमोरून हळूहळू चालत गेली. प्रत्येकापाशी थांबली. शेवटी तिला रडू आवरेना.

"सरू," गुणाजी ब्रश काढून म्हणाला, "मी मुशी समजून काढले गो ते डोळे. हात आपोआप चालला. माझा हात गेलाच नव्हता."

"ठाव हाय," सरू म्हणाली. "देव भलं करो त्या माशांचं." आणि चहा ठेवायला आत गेली. त्या दिवशीचा चहा गुणाजीने गरम असतानाच प्यायला.

गणपती झाले. एकशे चाळीस मूर्ती एकशे चाळीस घरी गेल्या. दसऱ्यानंतर निलेश पुन्हा कारखान्यात आला. त्याच्या कॅसेटला पार अलिबागपर्यंत मागणी होती. लोक आजारी माणसाला दाखवायला नेत होते. पण त्याचं समाधान नव्हतं.

"दाजी, दुसरा भाग काढतोय. ह्या वेळेला डोळे राक्षसासारखे पायजेत. बघितल्याबरोबर मानसाची बोबडी वळली पायजे."

"तुझ्यासाठी कायपन," गुणाजी म्हणाला आणि मनापासून म्हणाला. ह्या पोराने त्या कॅसेटी दाखवल्या नसत्या तर आज दाराला कुलूप असतं. त्याने नवं मुंडकं पुढ्यात घेतलं, भुवया चढवल्या, दात खाल्ले, स्वतःला जमेल तेवढा राग आणला आणि आखणी केली. दोघांनी बघितलं. गुणाजीने आखणी पुसली. दुसऱ्यांदा काढले, तेही पुसले. तिसऱ्यांदा तर त्याने सरूला भांडायला बोलावलं, ती बिचारी मन लावून भांडली आणि तिच्यासमोर त्याने डोळे पुरे केले.

तिसरी जोडी पहिल्या दोन्हींपेक्षा प्रेमळ होती.

"माफ कर रं निलेश," गुणाजी खरोखर ओशाळून म्हणाला. "करतो करतो म्हनतो, पन हाताला राग येतच नाय."

निलेश बराच वेळ त्या माशाकडे बघत राहिला. मासाही त्याच्याकडे बघत होता. हळूहळू निलेशच्या खांद्यांमधला ताण गेला, कपाळावरची आठी गेली.

"ऱ्हाऊ द्या दाजी," तो म्हणाला. "मासा हिरो. शिवाला व्हिलन करतो."