तीन मॅन्युअलं आणि मानेपाशी अडलेला मोर

भरतकामाच्या मशीनवर नवं सॉफ्टवेअर बसवून जुनं तसंच ठेवून जाणाऱ्या साहेबा, गुन्हेगार तू आहेस. आधीच सांगून टाकतो, कारण डिचोलीचे स्वयंघोषित गुप्तहेर पांडुरंगबाब ते शेवटपर्यंत सांगणार नाहीत.

पांडुरंगबाबांच्या मते त्यांची नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि बुद्धी मोजायला माप नाही अशी. यातलं तिसरं त्यांच्या बायकोला, रंजनाला, मान्य होतं. मोजण्यासारखं काही असेल तर माप! ती त्यांची सहाय्यक. म्हणजे भिंग, टॉर्च आणि नवऱ्याची अब्रू सांभाळणं तिच्याकडे.

सर्वणच्या विनिताला संध्याकाळपर्यंत एका नवरीचा ब्लाउज द्यायचा होता. उद्या कोरगावात लग्न. पाठीवरचा मोर मानेपर्यंत आला आणि मशीन थांबलं. तिनं मॅन्युअल उघडलं. त्यात लिहिलेलं, पिवळं बटण दाबा. पडद्यावर पिवळं बटणच नव्हतं. शेवटी तिनं पांडुरंगबाबांना बोलावलं.

"बटण चोरीला गेलंय," कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसता बसता पांडुरंगबाबांनी निकाल दिला.

"पडद्यावरचं?" रंजनानं विचारलं.

"म्हणूनच म्हणतो, चोर सराईत आहे!"

विनिता रडकुंडीला आली. "बाब, तीन व्हर्जनां आसत ह्याच्यात. सात, आठ, नऊ. तिन्हींची मॅन्युअलां वेगळी. आता खयचा चालू आसा, ताच कळणा नाय!"

"कंपनीक फोन केलंस?" रंजनानं विचारलं.

"केलंय. म्हणतत, मॅन्युअल वाचा."

रंजनाला हसू आलं आणि रागही. पांडुरंगबाबांना फक्त स्फुरण आलं. आधी पेडण्याच्या एका टेलरवर संशय गेला, कारण तो विनिताला बघून हसत नाही. मग विनिताकडचं काम सोडून मांद्र्याला गेलेल्या बेळगावच्या कारागिरावर, कारण तो फारच हसायचा. तोवर मोर बिनमुंडक्याचा लटकलेला, आणि नवरीचा भाऊ दोनदा येऊन दारातून डोकावून गेलेला.

पांडुरंगबाब भिंग घेऊन पडद्याला जवळजवळ चिकटले आणि ताडकन मागे सरले.

"रक्त! ह्या कोपऱ्यात. मरता मरता कुणीतरी खुन्याचं नाव लिहीत होतं!"

आतून विनिताची सासू सुलोचना ओला फडका घेऊन आली.

"रगत खयचा? दसऱ्याक पूजा केलंय तेचा कुंकू ता. देवाचा म्हणान कोणी पुसूक नाय."

तिनं नमस्कार करून कोपरा पुसला. खाली बारीक अक्षरांत 'व्हर्जन नऊ' आणि शेजारी प्रश्नचिन्ह. विनितानं त्यावर दाबलं. नऊचं मॅन्युअल उघडलं, पिवळ्या बटणाच्या जागी आता दोऱ्याचं चित्र दाबायचं होतं. दाबलं. मोराला मान आली, चोच आली, तुरा आला. नवरीचा भाऊ ब्लाउज घेऊन पळाला.

"मी म्हटलंच होतं, डागाखाली नाव आहे," पांडुरंगबाब म्हणाले.

"उठा आता," रंजनानं भिंग पिशवीत टाकलं. "पाववालो पदेर गेलो तर पाव मिळूचे नाय."

तेवढ्यात तुझाच फोन आला, साहेबा. उद्या येतो म्हणालास, व्हर्जन दहा बसवायला.

"आणि ही तीन?" विनितानं विचारलं.

"ती राहू देत. नडतात काय?"

नडतात काय! अख्खा दिवस गेला, पोरीचं लग्न उद्यावर आणि तू हे विचारतोस? आता त्या नवरीसमोर उभा राहा आणि बोल: नवं बसवताना जुनं काढून न्यायला तुझं काय जातं?