एकशे बारा छर्रे

व्हर्लिन टॅकेटने मेव्हण्याला आठवडाभर आधीच बजावून ठेवलं होतं. सोमवारी टर्की पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होईल, तेव्हा मिसूरीतल्या त्या डोंगरांत सर्वांत नेमकी बंदूक आपलीच असेल. त्यासाठी तीन प्रकारची छऱ्यांची काडतुसं आणली होती. कुठलं चांगलं, तेवढं पारखायचं बाकी होतं.

शनिवारी सकाळी त्याने शेडमधून एक मोठं खोकं उचलून कुरणात नेलं. जड होतं. बायकोची जुनी मासिकं असणार, बरंच झालं, वाऱ्याने हलणार नाही. त्यावर टर्कीच्या डोक्याचं चित्र चिकटवलं, चाळीस पावलं मागे आला आणि बार काढला. बंदुकीने खांद्याला असा दणका दिला, की पुढच्या दोन्ही बारांना त्याचे डोळे आपोआप मिटले.

जाऊन पाहतो तर चित्राला एकही भोक नाही. खोक्यालाही साधा ओरखडा नाही.

जेवायला मेव्हणा हॉलिस येऊन बसलाच होता. "काय दाजी, किती छर्रे लागले?"

"एकशे बारा," व्हर्लिन मक्याचा पाव मोडत म्हणाला. "खोक्याची पार चाळण झाली."

"कुठलं खोकं?" त्याच्या बायकोने, ओडेसाने विचारलं.

"शेडमधलं. टीव्हीचं."

ओडेसाच्या हातातला डाव पातेल्यात बुडाला. "त्यात माझ्या आजीची गोधडी होती. पुढच्या शनिवारी आपल्या नातीला लग्नात द्यायची म्हणून काढून ठेवली होती मी."

व्हर्लिनने पाव खाली ठेवला. "अगं, तिला काही झालेलं नाही."

"एकशे बारा भोकं पडून?"

"नाही पडली. एकही छर्रा लागला नाही."

"आता थापा मारू नकोस, व्हर्लिन," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपल्या नेमाबद्दल खरं सांगितलं होतं, आणि कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

तिघंही कुरणात गेली. चालता चालता व्हर्लिनलाच शंका यायला लागली. नीट पाहिलं होतं ना आपण? मागची बाजू पाहिली होती का?

ओडेसाने गुडघ्यांवर बसून खोकं उघडलं. गोधडीची एकेक घडी उलगडली, उन्हाकडे धरून पाहिली. निळे तुकडे, पिवळे तुकडे, आजीचे बारीक टाके. सगळं जसंच्या तसं. ती गवतात मटकन बसली आणि हसायला लागली. व्हर्लिननेही सुटकेचा श्वास सोडला.

हॉलिस मात्र टर्कीच्या त्या धडधाकट चित्रासमोर उभा होता. "तीन बार, दाजी? एवढ्या मोठ्या खोक्यावर?"

"गप्प बस रे," ओडेसा म्हणाली. तिने नवऱ्याचा सुजलेला खांदा हलकेच चोळला. "पन्नास वर्षांच्या संसारात याने माझ्यासाठी एवढं चांगलं काही केलं नव्हतं."

व्हर्लिनने गोधडीचं दुसरं टोक धरलं आणि घडी घालायला लागला.