दोन ग्लासांची बादली

शनिवारी दुपारी रंगवाल्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि शेजारच्या दुकानदारांना ऐकू जाईल अशा बेताने जाहीर केलं, की आज घरी तो स्वतःच्या हाताने कॉकटेल करणार आहे. एक ग्लास बायकोला, एक स्वतःला. लिंबू, संत्रं, पुदिना आणि जिन, एवढं तर सामान! चार डबे एकत्र करायचे आणि ढवळायचं. आपण आयुष्यभर दुसरं काय केलंय, असा त्याचा सवाल होता.

तसं पाहिलं तर त्याचं म्हणणं खरंच होतं. भिंतीचा टवका आणा, खिडकीची ढलपी आणा, फुटलेल्या कपाचा कान आणा. हा माणूस तो उजेडात धरणार, एक डोळा मिटणार आणि तसाच्या तसा रंग डब्यात कालवून देणार. रंग मिसळायची मशीन घेऊन बसलेले दुकानदारसुद्धा अडलं की गुपचूप त्याच्याकडे येत. "एकदा पाहिलेला रंग मी विसरत नाही," हे तर तो इतक्या वेळा म्हणे, की जुनी गिऱ्हाइकं ते वाक्य त्याच्या आधी म्हणून मोकळी होत.

न विसरणारा हा माणूस गेलं वर्षभर एकाच माणसाची आठवण काढत होता. त्याची बायको दूरच्या शहरातल्या एका इस्पितळात कृत्रिम पाय बसवून द्यायच्या कामावर गेली होती. जायच्या वेळी ती घुटमळली, तेव्हा यानेच तिला हसून वाटेला लावलं होतं. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असंही वर म्हणाला होता. गाडी हलली आणि कुक्कुल्या बाळाला फलाटावरच हुंदका आला.

त्याला करमत नव्हतं. अजिबात करमत नव्हतं. दोन माणसांच्या पलंगावर तो अजून आपल्याच अर्ध्या भागात अंग चोरून निजे. तिच्या उशीचा अभ्रा त्याने धुवायला काढू दिला नव्हता. फोन वाजला, की मात्र हा पठ्ठ्या असा काही खुलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात रोज वरात निघते. सगळं झकास आहे, तू काळजी करू नकोस, ठेवू का? फोन ठेवला, की खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

आज ती दोन दिवसांच्या सुट्टीवर येत होती. त्यातच तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे याच्या मेहुण्याने, सकाळी हळूच कानावर घातलं होतं की इस्पितळाने तिला आणखी सहा महिने राहाल का म्हणून विचारलंय. तिने अजून काही कळवलेलं नाही.

"दाजी, तुम्ही एकदा नुसतं 'ये' म्हणालात ना, तर ताई तिकडे एक दिवस थांबायची नाही," मेहुणा म्हणाला. "पण तुम्ही म्हणाल तर शपथ."

आता 'ये' हा काही फार मोठा शब्द नव्हे. पण वर्षभर 'झकास' म्हणायची सवय लागलेल्या जिभेला तो वळेना. म्हणून रंगवाल्याने तोड काढली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती दोघं एका हॉटेलच्या गच्चीवर जाऊन बसली होती आणि लिंबाचं, पानांचं असं काहीतरी गार गार प्याली होती. त्या संध्याकाळी ती इतकी हसली होती, इतकी बोलली होती! तोच ग्लास आज तिच्या हातात ठेवायचा. पुढचं ती आपोआप समजेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

पेयाचं नाव त्याला आठवत नव्हतं. चव तर मुळीच आठवत नव्हती. पण रंग? रंग डोळ्यांपुढे लख्ख होता. फिका हिरवा, किंचित पिवळ्याकडे झुकलेला. कोवळं पान उन्हात धरलं, की पलीकडून दिसतो तसा.

जिनची बाटली मेहुण्याने आणून दिली आणि कृतीही सांगितली. पुदिना खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंनी आपल्या कुंडीतला तोडून दिला. रंगवाला ओट्याशी उभा राहिला, बाह्या सारल्या, आणि सांगितल्याबरहुकूम दोन ग्लासांचा माल एका भांड्यात केला. लिंबू पिळलं, संत्रं पिळलं, पुदिना ठेचला, जिन ओतली, ढवळलं. खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. ते चांगलं झालं असण्याची दाट शक्यता होती.

पण त्याने भांडं उचललं आणि खिडकीशी नेलं.

रंग फिका होता. त्याने थोडा पुदिना वाटून घातला. आता हिरवा निळ्याकडे गेला. निळा मारायचा तर पिवळा हवा, म्हणून संत्र्याची साल किसून टाकली. ती जास्त झाली. आता रंगाच्या धंद्यातली एक गोष्ट अशी आहे, की घातलेला थेंब परत काढता येत नाही. चुकलं की बाकीचा माल वाढवायचा आणि चूक त्यात विरवून टाकायची, एवढा एकच इलाज. रंगवाल्याने माल वाढवला. आणखी लिंबं, आणखी जिन. भांडं भरलं, तेव्हा त्याने पातेलं घेतलं. पातेल्यात रंग पुन्हा फिका पडला. पुदिना तर संपला होता! फ्रिज उघडून पाहिला, तर कोथिंबिरीची जुडी होती. हिरवा तो हिरवा, म्हणत त्याने ती वाटली.

दर फेरीला तो एका वाटीत नमुना काढी, बोट बुडवून ओट्यावरच्या पांढऱ्या फरशीवर टिपका लावी, आणि वाळायची वाट बघत बसे, कारण ओला रंग खोटं बोलतो. फरशीवर टिपक्यांच्या रांगा लागल्या. पण त्यातलं बोट त्याने एकदाही तोंडात घातलं नाही. वीस वर्षं रंगात हात घालणारा माणूस हात तोंडाला लावत नाही, ही त्याची शिस्त होती. आज आपण जे ढवळतोय ते पोटात जायचं आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

नमुन्यांच्या वाट्या मात्र आत्या पीत होती. ही त्याच्या वडिलांची बहीण. सून परगावी गेली म्हणून पोराकडे लक्ष ठेवायला येऊन राहिली होती, आणि घरातलं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही हे तिचं ब्रीद होतं. शिळी पोळी असो की सांडलेली साय, आत्या ती सत्कारणी लावायची. भाच्याने नको म्हणून बाजूला सारलेली वाटी ती उचले, सरबत कडवट झालंय असा शेरा मारी, आणि रिकामी वाटी विसळून परत जागेवर ठेवी. पाचव्या वाटीनंतर तिने शेरे मारणं थांबवलं आणि ती भिंतीला टेकून स्वतःशीच गालात हसू लागली.

पातेलं भरलं, तेव्हा न्हाणीघरातली बादली आली. जिनची बाटली उताणी झाली होती, लिंबं तर कोपऱ्यावरच्या दुकानातली सगळी उचलून आणली होती. कोथिंबिरीने रंग जरा मातकट झाला म्हणून त्याने पालकाची तीन पानं ठेचली. आणि मग, ऊन उतरता उतरता, बादलीत तो रंग उमलायला लागला. हाच! अगदी हाच! आता फक्त पिवळ्याचा एक टिपूस कमी होता.

नेमका तेव्हा फोन वाजला. बायको होती. बस शहराच्या वेशीपर्यंत पोचली होती. ती उगाच इकडचं तिकडचं बोलली, मग गप्प झाली, आणि मग म्हणाली, "एक विचारू? माझ्याशिवाय कसं चाललंय रे तुझं? खरं सांग."

रंगवाल्याच्या एका हातात लिंबाची फोड होती, फोन खांद्यात धरलेला होता आणि खिडकीतलं ऊन भराभर पळत होतं. ऊन गेलं की रंग गेला.

"झकास चाललंय," तो म्हणाला. "तू बिलकूल काळजी करू नकोस. आत्ता जरा गडबडीत आहे, ठेवतो."

त्याने फोन ठेवला, टिपूस पाडला, आणि बादलीकडे पाहून त्याला भरून आलं. पहिल्या उन्हाळ्यातली ती गच्ची त्याच्या न्हाणीघराच्या बादलीत उतरली होती.

बायको आली तेव्हा त्याने दोन ग्लास भरून बर्फ घालून तयार ठेवले होते. ती जरा वाळली होती, केस कापले होते, आणि उंबऱ्यातच उभी राहून घराकडे असं बघत होती, की त्याला वाटलं आत्ताच रडू येईल. त्याने घाईघाईने ग्लास पुढे केला. तिने एक घोट घेतला. तो तिने गिळला हे तिचे उपकार.

"यात कोथिंबीर आहे?" तिने विचारलं.

"थोडीशी."

"आणि हे तंतू कसले?"

"पालक. तीनच पानं," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मिसळलेली वस्तू त्याने तोंडाला लावली. मागे वळून त्याने तो घोट बेसिनमध्ये थुंकला.

पुदिन्याचं काय झालं ते बघायला दंतवैद्य बाई वर आल्या होत्या. त्यांनी वास घेतला, फरशी पाहिली, बादली पाहिली, आणि एवढं आंबट सगळ्या इमारतीला पाजलंत तर माझा दवाखाना जोरात चालेल, असं सांगून त्या आल्या पावली परतल्या.

तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या आत्याला कंठ फुटला. हा पोरगा तुझा अभ्रा मला धुवू देत नाही, वर्ष झालं, वास मारतो आता, असं तिने सुनेला खणखणीत आवाजात सांगितलं. फोन झाला, की हा खिडकीशी उभा राहतो, हेही सांगितलं. जेवताना कधी कधी तुझंही पान घेतो आणि मग उचलून ठेवतो, हेही. मग सरबत चांगलं मुरलंय असं म्हणून ती बसल्या जागी झोपी गेली.

रंगवाल्याचे कान तापले. लपवायला आता काही उरलंच नव्हतं, तेव्हा त्याने ओट्याकडे बघत म्हणून टाकलं, "मला करमत नाही गं. तू परत ये."

बायको खुर्चीवर बसली. तिने ग्लास दोन्ही हातांत धरला होता.

"मघाशी मी फोन का केला होता?" ती म्हणाली. "त्यांना आजच उत्तर हवं होतं. तू म्हणालास झकास चाललंय, ठेवतो. मी लगेच कळवून टाकलं, की राहते म्हणून. सहा महिने. आता त्यांनी माझ्या भरवशावर पाय बसवून घ्यायला येणाऱ्यांना तारखाही दिल्या असतील. त्या लोकांना मी नाही म्हणू शकत नाही."

सहा महिने. रंगवाला पाटावर बसला. एका लिंबाच्या टिपसापायी सहा महिने! तिने हात पुढे करून त्याच्या कपाळावर उडालेली कोथिंबीर पुसली. हातात काहीतरी धरायला हवं होतं म्हणून त्याने ग्लास उचलला आणि म्हणाला, चव बिघडली हे कबूल, पण रंग तरी बघ. त्या गच्चीवरचाच आहे ना?

तिने ग्लास दिव्यासमोर धरला. बराच वेळ बघत राहिली. मग तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"अरे, ते नारिंगी होतं," ती म्हणाली. "चांगलं लालसर नारिंगी. हा माझ्या ड्रेसचा रंग आहे. त्या दिवशी मी घातला होता, तो सुती."

रंगवाल्याचं तोंड उघडं राहिलं. त्याने बादलीत पाहिलं, टिपक्यांच्या रांगा पाहिल्या. नारिंगी काही आठवेना. त्या संध्याकाळी टेबलावर ग्लास होता हेदेखील आता त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. तो ड्रेस कुठे आहे, असं त्याने घाबरत घाबरत विचारलं. निदान तेवढा तरी सहा महिने जवळ ठेवता आला असता.

"फाटला होता," बायको डोळे पुसत म्हणाली. "मी जायच्या आधीच तू तो दुकानात नेलास. हात पुसायला."

सोमवारी पहाटे तिला बसमध्ये बसवून रंगवाला थेट दुकानात गेला. काउंटरखालचं चिंध्यांचं खोकं त्याने जमिनीवर पालथं केलं. ड्रेस सापडला. त्यावर वर्षभराची सगळी गिऱ्हाइकं वाळून कडक झाली होती, पण शिवण उसवली तर आत बोटभर कापड शाबूत होतं, आणि त्याचा रंग अगदी बरोबर होता. त्या दिवसापासून तो हात पँटलाच पुसतो.