सात जणांचा सायलेन्सर

आमची फरसबी गेल्याचं कळलं ते आठ जुलैला, मंगळवारी, सकाळी सहा वाजता. कॉफीचा कप घेऊन मी मागच्या दारात आलो आणि बघतो तर काय! आदल्या संध्याकाळी बेचाळीस रोपं होती, आता बेचाळीस खुंट! आणि वाफ्याच्या मधोमध ग्राउंडहॉग, घुशीसारखा बिळात राहणारा प्राणी, बसलेला. मांजराच्या दुप्पट, ढेरपोट्या, पुढचे दोन्ही पाय पोटावर ठेवून. रविवारचं जेवण झाल्यावर आमचे म्हातारे पास्टर योस्ट बसतात, अगदी तसा!

ती फरसबी माझी नव्हती. माझ्या बायकोची होती, डोरीनची. डोरीन त्याच मार्चमध्ये गेली. ते बी तिच्या आजीपासून चालत आलेलं, दरवर्षी पेरायचं आणि दरवर्षी पुढच्यासाठी राखायचं. दुकानात मिळत नाही. जायच्या आधी तिने मला दोनच गोष्टी सांगितल्या. "एमरी, बी मरू देऊ नकोस. आणि मफिनला घाबरवू नकोस."

मफिन म्हणजे तिची बीगल कुत्री. जात शिकारी! पण टोस्टरमधून पाव उडाला तरी बाथटबमध्ये जाऊन बसते. बंदुकीचा आवाज झाला तर दोन दिवस जेवत नाही.

आता आली की नाही पंचाईत? बी वाचवायचं तर ग्राउंडहॉगला गोळी घालायला हवी. गोळी घातली की मफिन टबात! पिंजरा लावून पाहिला. त्यात दोनदा शेजाऱ्याची मांजर सापडली आणि एकदा स्कंक, तो घाण वास फवारणारा. स्कंकबद्दल मी बोलणार नाही. जाळी ठोकली, तर पठ्ठ्याने खालून बोगदा काढला.

"आठ दिवसांत याचा निकाल लावतो!" मी मफिनला छातीठोकपणे सांगितलं. माझ्या छोट्या रायफलीला सायलेन्सर बसवायचा. मग आवाज होतो तो पुस्तक मिटल्याएवढा. साधी गोष्ट!

गेलो बिंकलीच्या दुकानात. बिंकली बंदुका विकतो आणि त्याहून जास्त सल्ले देतो.

"सायलेन्सर दे," मी म्हणालो.

"डोकं फिरलंय का तुझं?" तो म्हणाला. "आज घेतलास तर वर दोनशे डॉलर कर! परवाच कायदा झालाय. एक जानेवारीपासून कर शून्य!"

"शून्य?"

"शून्य! हे बघ, हे सगळे त्यासाठीच थांबलेत."

भिंतीला लागून सहा माणसं बसली होती. सहाही जण बिंकलीची फुकटची कॉफी पीत जानेवारीची वाट बघत होते. बाहेर एक्क्याण्णव डिग्री फॅरनहाइट ऊन!

तुम्हाला खरं सांगतो, मी खूश झालो. पंधरा वर्षांपूर्वी मी सायलेन्सरचं नाव काढलं होतं तेव्हा डोरीन म्हणाली होती, "आवाज बंद ठेवायचे सरकारला दोनशे डॉलर? मी तुला इतकी वर्षं फुकटात गप्प बस सांगतेय, ते कधी ऐकलंस का?" तेव्हा ते तिथेच राहिलं. आता दोनशे वाचणार म्हणजे तिचाही मान राहिला! मी सातवी खुर्ची ओढली आणि कॉफी घेतली.

मी थांबलो. ग्राउंडहॉग थांबला नाही. फरसबीला पुन्हा फुटवे आले, ते त्याने खाल्ले. मग कोबी, मग बीट. ऑक्टोबरात तो इतका फुगला की स्वतःच्या बिळात शिरताना अडकायचा आणि मागचे पाय हवेत झाडायचा. मग तो झोपला, थेट वसंतापर्यंत. दोनशे डॉलर वाचवायला मी अख्खी बाग खाऊ घातली होती. बरणीत तळाला मूठभर बी उरलं होतं. तेही पुढच्या उन्हाळ्यात गेलं, की संपलं.

एक जानेवारीला सगळं पेनसिल्व्हेनिया खातं तेच मी खाल्लं, डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी. त्याने वर्ष चांगलं जातं. दोन तारखेला सकाळी बिंकलीकडे गेलो तर रांग पार रस्त्यावर! जुलैपासून थांबलेली सगळी माणसं एकाच दिवशी आली होती. माझा नंबर आला तेव्हा फळीवर एकच सायलेन्सर उरला होता. तो मी लहान मुलासारखा छातीशी धरला.

"खाली ठेव," बिंकली म्हणाला. "आधी कागद. बोटांचे ठसे, फोटो, अर्ज."

"कायदा बदलला ना?"

"कर गेला. कागद कुठे गेलेत? कागद मेल्यावरही सुटत नाहीत, एमरी. बोल, स्वतःच्या नावावर घेतोस की ट्रस्टच्या?"

आणि इथे मी ऐटीत म्हणालो, "ट्रस्टच्या! ट्रस्ट आहे आमचा!"

होताच. पंधरा वर्षांपूर्वी एका बंदुकांच्या जत्रेत कोऱ्या ट्रस्टचे कागद वाटत होते. एक जण गेला तरी वस्तू दुसऱ्याला वापरता यावी, म्हणून दोन-तीन नावं घालायची असतात. कागद फुकट, म्हणून भरला डोरीननेच. आणि डोरीन कागद भरायची तो लग्नाची आमंत्रणं काढल्यासारखा. "बहीण आर्लीन हवीच. मग तिचा नवरा क्लाइड कसा वगळायचा? पत्त्यांच्या टेबलावरची नॉर्मा राहिली तर वर्षभर बोलणार नाही. पास्टर योस्ट. आणि मेव्हिस, नाहीतर ती माझे केस वाकडे कापेल!" आम्ही दोघं धरून सात.

बिंकलीने यादी वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"एमरी, यातल्या प्रत्येकाचे दहा बोटांचे ठसे लागतील. प्रत्येकाचा फोटोही."

"नॉर्मा एक्क्याण्णवची आहे रे!"

"मग घाई कर."

मी घाबरलो नाही. माझ्याकडे योजना होती. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी गावच्या अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी असते, सगळं गाव येतं. तिथेच एका कोपऱ्यात टेबल टाकायचं, ठसे घ्यायचे, फोटो काढायचे. ठसे कुणीही घेतले तरी चालतात, फक्त नीट उमटले पाहिजेत. अर्ध्या तासाचं काम!

शाई आर्लीनने आणली, तिच्या भेटकार्डांच्या शिक्क्यांची. "छान पक्की असते," ती म्हणाली. ती किती पक्की, ते पुढे कळलं.

क्लाइडने मेव्हिसचा हात धरून बोटं एकेक करून कार्डावर लोळवायला सुरुवात केली.

"जरा हळू! बोट आहे ते, लाटणं नाही!" मेव्हिस ओरडली.

"आयुष्यात पहिल्यांदा बाईचा हात धरतोय असा धरलायस," आर्लीन नवऱ्याला म्हणाली.

क्लाइडची स्वतःची पाळी आली तेव्हा नऊच बोटं भरली. दहावं सत्याऐंशी साली मक्याच्या यंत्रात गेलं. "इथे काय लिहू?" मी विचारलं. "लिही, मक्यात शोधा," क्लाइड म्हणाला.

नॉर्माबाईंच्या बोटांवर रेषाच नव्हत्या! सत्तर वर्षं भांडी घासून आणि गोधड्या शिवून त्या पार पुसल्या गेल्या होत्या. कार्डावर दहा गुळगुळीत अंडी उमटली. "म्हणजे मी बँक लुटली तरी सापडणार नाही?" त्यांनी विचारलं. डोळे असे चमकले की मी विषय बदलला.

पास्टरांनी एका हाताचे ठसे दिले आणि दुसऱ्या हाताने पॅनकेक खाणं चालूच ठेवलं. त्यांच्या कार्डाला मेपलचा पाक लागला. ते उचलायला गेलो तर टेबलक्लॉथही वर आला!

फोटोसाठी मागे पांढरं हवं, म्हणून मी भिंतीवर चादर लावली आणि एकेकाला तिच्यासमोर ताठ उभं केलं. "हसायचं नाही!" मी ओरडत होतो. "सरळ बघा! पुढचा!"

आता तुम्हीच विचार करा. तुम्ही भरल्या ताटाने वळता आणि दिसतं काय? गावातल्या चांगल्या चांगल्या माणसांच्या बोटांना शाई, एकेकाला भिंतीशी उभं करून फोटो, आणि तिथे पास्टरसुद्धा! दहा मिनिटांत हॉलभर झालं: काहीतरी मोठी चोरी झालीय, आणि एमरी क्रॅट्झर सगळ्यांचे ठसे घेतोय!

मला याचा पत्ताच नव्हता. मला एवढंच दिसलं की अग्निशमन दलाचा अध्यक्ष व्हर्जिल शेंक पांढराफटक पडून माझ्याकडे येतोय. त्याने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"एमरी, ठसे नको घेऊस. मीच नेलं."

"काय नेलंस?"

"बर्फ उडवायचं यंत्र! हॉलचं! नोव्हेंबरपासून माझ्या गॅरेजमध्ये आहे. एका दिवसासाठी म्हणून नेलं होतं, देवाशपथ! संध्याकाळी परत आणतो. बायकोला सांगू नकोस."

"अरे, पण मी तर..."

"तुझे उपकार विसरणार नाही!" माझे दोन्ही हात दाबून तो गेला.

मी बाहेर आलो तर दारात रांग! पहिल्याकडे कॉफीची मोठी किटली होती, ख्रिसमसपासून. दुसऱ्याकडे शिडी. तिसरी बाई रडतच आली. गेल्या उन्हाळ्यातल्या सोडतीतला हॅम तिने नेला होता, आणि तो आता परत करता येण्यासारखा नव्हता! "खरं म्हणजे हे सायलेन्सरसाठी..." असं मी चारदा सुरू केलं. पण माणूस कबुली द्यायला लागला की त्याला तुमचं ऐकायचं नसतं. शेवटी मी नुसती मान डोलवायला लागलो. पास्टर योस्ट माझ्याकडे हेव्याने बघत होते. "चाळीस वर्षं प्रवचनं दिली," ते म्हणाले, "पण अशी रांग कधी लागली नाही."

सोमवारपर्यंत हॉलला एक यंत्र, दोन किटल्या, शिडी, चौदा खुर्च्या आणि एक झेंडा परत मिळाला. व्हर्जिलने भर सभेत माझ्या आभाराचा ठराव मांडला! डोरीन असती तर हसून हसून तिला खुर्ची धरावी लागली असती. मी घरी येऊन मफिनला सगळं सांगितलं आणि एकटाच मोठ्याने हसलो. मफिन टबात गेली.

मंगळवारी कार्डं घेऊन बिंकलीकडे गेलो. त्याने ती एकेक करून प्रकाशात धरली.

"हे काय आहे?"

"नॉर्मा."

"आणि हे?"

"पाक."

"शाई जांभळी का आहे?"

"आर्लीन."

बिंकलीने कार्डं खाली ठेवली आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. "एमरी, एक विचारू? तू हे सरळ स्वतःच्या नावावर का घेत नाहीस? एकट्याचे ठसे, एकट्याचा फोटो. आत्ता पंधरा मिनिटांत करून देतो."

मी कार्डं गोळा केली.

"हे तू दोन तारखेला का नाही सांगितलंस?"

"मी विचारलं होतं! तू ऐटीत ट्रस्ट म्हणालास!"

मी खुशीत आर्लीनकडे गेलो. म्हटलं, सुटलात सगळे, आता तुमची गरज नाही. चूक! मोठी चूक!

"गरज नाही?" आर्लीनने कमरेवर हात ठेवले. हात अजून जांभळेच होते. "तीन दिवस ब्लीचने हात घासतेय मी! मेव्हिसच्या गिऱ्हाइकांच्या मानेवर जांभळी बोटं उमटतायत! नॉर्माने फोटोसाठी नवी टोपी घेतली! आणि आता तू म्हणतोस, गरज नाही? डोरीनने घातलीत आमची नावं. तू कोण काढणारा?"

"मला सोडतीच्या हॅमसारखं खाऊन टाकलंस," असं क्लाइडने आतून ओरडून सांगितलं. याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

म्हणजे स्वतःच्या नावावर घेतला तर सायलेन्सर मिळतो, पण पाच माणसं जातात. आणि डोरीन गेल्यापासून रोज संध्याकाळी कुणीतरी एक जण डबा घेऊन माझ्या दारात येतो, तो याच पाचांतला. मी मुकाट्याने काळी शाई विकत आणली. फेब्रुवारीत सगळ्यांचे ठसे परत घेतले, माझ्याच स्वयंपाकघरात, दारं लावून. नॉर्माबाईंच्या बोटांना आधी क्रीम चोळलं, तेव्हा तीन बोटं तरी उमटली. क्लाइडच्या चौकटीत रीतसर लिहिलं, 'बोट नाही.' सहा जणांचे कागद व्यवस्थित झाले. बिंकलीनेही मान डोलवली. माझा सायलेन्सर त्याने फडताळात कुलूपबंद ठेवलाय, वर माझ्या नावाची चिठ्ठी.

मग त्याने यादी परत काढली. "सातवं नाव," तो म्हणाला. या वेळी हळू आवाजात. "तिचं नाव ट्रस्टमधून काढल्याचा एक कागद लागेल, एमरी. एकच पान. नोटरीसमोर तू सही केलीस की झालं."

नोटरी आर्लीनच आहे. शिक्का घेऊन ती दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा मी म्हणालो, पेन सापडत नाही. दुसऱ्यांदा तिनेच पेन आणलं होतं, तर मी पॅनकेक केले. ती चार खाऊन गेली.

आता एप्रिल लागलाय. ढेरपोट्या उठलाय. काल वाफ्याच्या कडेला उभा राहून माझ्या खिडकीकडे बघत होता. आता बारीक झालाय, त्यामुळे भूक असणार. मेच्या मध्यावर थंडी सरली की फरसबी पेरायची. अर्ज गेल्यावर मंजुरीला किती दिवस लागतील ते बिंकलीलाही सांगता येत नाही. एवढी गर्दी त्याने कधी बघितली नाही म्हणे.

बाकी सगळं झालंय. वाफा खणलाय, खत घातलंय, ठसे आणि फोटो आहेत. डोरीनच्या नावाचा तो कागद फ्रिजवर लावलाय. सही राहिलीय.