चिगुसाची ओली शाई

“गुरुजी, हे तुम्ही खरंच आत्ता लिहिता, की आधीच लिहून ठेवलेलं चिकटवून देता?”

हा प्रश्न विचारायची पैज इतिहास मंडळातल्या मुलींनी लावली होती, आणि मी तो विचारला! तोही देवळाच्या खिडकीशी, सतरा माणसांच्या रांगेसमोर. गेल्या वर्षीची मी, म्हणजे कोनात्सु, स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायची. यंदाची कोनात्सु वेगळीच आहे.

गुरुजींनी नुसती माझी वही मागितली.

आता या वहीचं सांगते. शाळेच्या महोत्सवात आमच्या मंडळाला काचेचं एकच कपाट मिळतं आणि त्यात एकाच मुलीची वही मांडतात. देवळादेवळांतून गुरुजींच्या हातची अक्षरं आणि लाल ठसे घेऊन भरलेली वही. यंदा ती चिगुसाचीच, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. चिगुसा माझी जिवलग मैत्रीण. तिची वही पाहिली की माझ्या पोटात कुणीतरी झणझणीत वसाबीचं मूळ किसतंय असं होतं.

तिचे बाबा तिला हिमेजी, मात्सुमोतो, हिकोने असे उभेच्या उभे किल्ले दाखवतात, आणि वाटेतली देवळंही. माझे बाबा मला पडून गेलेल्या किल्ल्यांवरचं गवत दाखवतात. “इथे दरवाजा होता बरं का,” असं एका खड्ड्याकडे बघून म्हणतात आणि गहिवरतात. असे एकोणीस डोंगर मी चढलेय! देवळं झाली तीन. तिकडे चिगुसाची वही फुगत चाललेली. मग मीही प्रत्येक डोंगराखालच्या स्टेशनात ठेवलेला किल्ल्याचा रबरी शिक्का उचलायचा आणि वहीत हाणायचा असं सुरू केलं. पान भरल्याशी मतलब!

गुरुजींनी पान उलटलं. शिक्क्यातलं शिरस्त्राण घातलेलं बदक. पुढचं उलटलं. भाला घेतलेला मुळा.

“हिच्यात मी लिहिणार नाही,” ते शांतपणे म्हणाले. “ही देवळाची वही राहिलेली नाही.”

रांगेत कुणीतरी खुसकन हसलं.

मग माझ्यामागे उभ्या चिगुसाचा नंबर. तिच्या पानावर त्यांनी जे काही लिहिलं ते बघून वाटावं, काळा ड्रॅगन आळस देतोय. मागच्या आजीबाई टाचा उंचावून बघू लागल्या. वही किती नीट ठेवलीय, असंही गुरुजी म्हणाले. मला कुणी तसं म्हणालं असतं तर मी त्या देवळात जन्मभर झाडू मारला असता.

“बघू,” म्हणत मी वही ओढली आणि बघवेना म्हणून फटकन मिटली.

शाई ओली होती. मध्ये घालायचा टिपकागद गुरुजींच्या हातातच राहिला.

उघडलं तर ड्रॅगन दोन झालेले, दोन्ही बुडालेले. मी चिगुसापुढे वाकले, गुरुजींपुढे वाकले, रांगेपुढे वाकले, आणि पुन्हा गुरुजींपुढे इतकी वाकले की कपाळ फळीवर आपटून शाई घोटायचा दगड उलटला. तिथेच पडलेल्या माझ्या वहीतलं बदक शिरस्त्राणासकट काळ्या डोहात!

देवळाच्या पायऱ्यांवर चिगुसानं विचारलं, “मुद्दाम केलंस ना?”

“शाई ओली आहे हे लक्षात नव्हतं,” मी म्हटलं. “बाकी मुद्दाम.”

कपाट तर आता दोघींच्याही हातून गेलं होतं. मग चिगुसा म्हणाली, “माझे बाबा गाडीतच झोपतात, माहितीये? वर किल्ल्यावर मी एकटी जाते. तुला निदान खड्डा दाखवायला तरी कुणी असतं, गाढवे. भरपाई म्हणून तुझे बाबा दे. एक रविवार.”

नाही कशी म्हणणार?

घरी जेवताना आई-बाबांना हे सांगितलं, तर बाबांच्या हातातल्या चॉपस्टिक्स खाली आल्या. चिगुसाला खंदक आवडतात का, तटबंदी आवडते का, विचारून त्यांनी मला भंडावलं. मग उठले आणि कपाटातून मोठा रंगीत नकाशा काढला. माझ्यासाठी आजवर कधी मोठा रंगीत नकाशा निघालेला नाही. वसाबी पुन्हा किसली जाऊ लागली.

मी वाटी बाजूला सारली आणि ताठ बसले.

“आई, बाबा, मी ठरवलंय. चिगुसा रविवारी आपल्याबरोबर येणार. पण पुढच्या सीटवर मी बसणार, आणि खंदक आधी मला दाखवायचा.”